घोंगडीवर ठेवलेला फोटो

माझ्या बायकोचा एकच फोटो आहे आणि त्यात ती भलतीकडंच बघते.

लग्नाचा फोटो नाही. बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालं. वऱ्हाडाला पाणी पाजायची पंचाईत, तिथं फोटोवाला कोण आणतो. रेशनकार्डावर एक बारका फोटो होता, त्याच्यावर शिक्का बसून निम्मं तोंड गेलं. आधारकार्डाचा आहे, पण तो बघून ती स्वतःच म्हणाली होती की ही बाई कुणाची तरी कोंबडी चोरून आल्यासारखी दिसती. म्हणून तो मी धरत नाही. उरला हा मोबाइलमधला.

हा आठ-दहा वर्षांखाली टँकरपुढं काढलेला आहे. हर्सूलच्या पलीकडं आमची वस्ती, लोकांनी गुंठा गुंठा जागा घेऊन बांधलेली. नळ नव्हता. त्या साली तळ्याला भेगा पडल्या होत्या आणि टँकर आला की सगळी वस्ती हंडे घेऊन पळायची. शेजारणीनं नवाच मोबाइल घेतला होता, तिनं रांगेत उभ्या उभ्या काढला. बायको उजव्या अंगाला उभी आहे. कमरेवर हंडा, डोक्यावर पदर, नाकात मुरणी. डाव्या अंगाला नुसती माती, पार फोटोच्या काठापर्यंत. आणि ती मान वळवून त्या मातीकडं, तिच्याही पलीकडं, फोटोच्या बाहेर बघते. ओठ जरा एका बाजूला ओढलेत. हसते का चिडली, सांगता येत नाही.

मला ते कळायला पाहिजे होतं. कारण त्या दिवसांत ती माझ्याशी बोलत नव्हती, आणि ज्या बाजूला ती बघते त्याच बाजूनं त्या वेळी मी चालत येत होतो.

बोलत का नव्हती ते सांगतो. चूक माझी होती.

आमची मेंढरं होती, सत्तर-ऐंशी. बापाची, त्याच्या बापाची, अशी चालत आलेली. हर्सूलपासून खुलताबादच्या डोंगरापर्यंत आम्ही फिरायचो. कुणाच्या रानात रातभर मेंढरं बसवली की त्याच्या जमिनीला खत आणि आम्हाला ज्वारी. मग शहर वाढायला लागलं. ज्या माळावर सकाळी मेंढरं सोडली, त्याच माळावर संध्याकाळी पांढऱ्या फक्कीच्या रेघा. चौकोन, चौकोन. प्लॉट पाडलेले. मेंढरं त्या रेघा हुंगायची आणि ओलांडायला बिचकायची. पुढच्या साली रेघेवर भिंती आल्या. आणि त्यात हा दुष्काळ. चारा नाही, पाणी नाही, जी वाट होती ती कंपाउंडात गेली.

बायको दोन दिवस माहेरी गेली होती. तेवढ्यात मी व्यापारी बोलावला आणि सगळी मेंढरं टेम्पोत भरली. तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, आणि तिचं ऐकलं असतं तर मेंढरं डोळ्यापुढं मेली असती. हे खरं आहे. पण विचारलं नाही हेही खरं आहे. निम्मी पिल्लं तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली होती.

ती आली, मेंढरं कोंडायचा रिकामा वाडगा बघितला, आत जाऊन लेंड्यांवर बसली. उठली ती मुकी होऊन. भाकरी करायची, पाणी द्यायची, माझ्याशी शब्द नाही. काही सांगायचंच झालं तर कुत्र्याला सांगायची. “त्याला म्हणावं, ताटात वाढलंय.” कुत्रं माझ्याकडं बघायचं. मी कुत्र्याला म्हणायचो, “तिला म्हणावं, भूक नाय.” मेंढरं गेल्यावर त्या कुत्र्याला तेवढंच काम उरलं होतं.

पुढं मला वाळूजला एका कंपनीच्या गेटावर वॉचमनचं काम लागलं. पहिल्या दिवशी पाळी संपवून बसनं आलो, फाट्यावर उतरलो आणि खाकी कपड्यात वस्तीकडं चालत निघालो. जन्मभर धोतर नेसलेला माणूस, पँट घालून चालताना गुडघ्याला गुडघा लागायचा. टँकर उभा होता. बाया होत्या. तेव्हाच तो फोटो निघाला.

अबोला कधी सुटला ते सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. शेवटच्या कातरणीची लोकर दोन पोत्यांत पडून होती, ती मी विकली नव्हती, ध्यानातच आली नव्हती. तिनं ती काढली. रोज पाणी भरून झालं की दारात बसून सूत कातायची. ते सूत खुलताबादकडच्या एका विणकऱ्याला दिलं. थंडी पडली तशी एक दिवस मी पाळीला निघालो तर मागून अंगावर घोंगडी येऊन पडली. काळी, काठाला पांढरी पट्टी. “गेटावर गार लागत आसंल,” म्हणाली. कुत्र्याला नाही, मला.

त्यानंतर बोलणं सुरळीत झालं. पण मेंढरांचं नाव तिनं काढलं नाही आणि मीही काढलं नाही. आम्ही तसली माणसं नव्हतो, की बसून एकमेकांना विचारावं तुझ्या मनात काय होतं. भाकरी खाल्ली, तंबाखू मळली, झोपलो. दिवस गेले.

गेल्या साली ती गेली. ताप आला, चार दिवसांत आटोपलं. त्यावर जास्त बोलत नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसं पोरानं विषय काढला. पोरगा वाळूजलाच कंपनीत आहे, दोन लेकरांचा बाप आहे. आबा, आईचा फोटो भिंतीला पाहिजे, पाव्हणे येतील, म्हणाला. त्यानं मोबाइलवर मला एक करून दाखवला. चारी बाजूंनी गुलाब, खाली दोन समया, वर देवाचं चित्र आणि त्यात माझ्या बायकोचं नुसतं मुंडकं, गळ्यापासून कापलेलं. मी म्हणालो, हे गुलाब तुझ्या आईनं कधी बघितले का. तो म्हणाला, सगळ्यांचे असेच असतात. मी म्हणालो, सगळे मेले म्हणून सगळ्यांना एकच कपडा घालायचा का. तो कंटाळून ड्युटीला गेला.

मग मी स्वतःच फोटोवाल्याकडं गेलो. नाक्यावर त्याचं बारकं दुकान आहे, पन्नाशीचा माणूस, मूळचा जुन्या शहरातला. त्याचा बाप फोटोच्या भोवती पुठ्ठा कापून त्यावर सोनेरी कागदाची पट्टी हातानं चिकटवायचा. याच्याकडं ते सगळं कॉम्प्युटरात. चहाच्या पैशात फोटो आणि वर भोवतीची नक्षी. त्यानं मला एकामागून एक नक्षी दाखवली. कमळाची, बदामाची, ताजमहालाची, राजहंसाची. बटण दाबलं की माझी बायको कमळातून उठून राजहंसाजवळ जाऊन बसायची. हंडा तिच्या कमरेवर तसाच.

तो थांबून म्हणाला, “मामू, मामी बाहर देख रहे. आँखां अंदर होना. बाहर देखे तो फोटो खाली-खाली लगता.”

आणि मला काही कळायच्या आत त्यानं फोटो उलटा केला. म्हणजे डावं उजवं केलं. आता ती नक्षीच्या उजव्या कोपऱ्यातल्या गुलाबांकडं बघायला लागली. त्याला बरं वाटलं. मला नाही वाटलं. ती बाई माझी नव्हती. बघत राहिलो तेव्हा कळलं. मुरणी उजव्या नाकपुडीत गेली होती. हंडा उजव्या कमरेवर. माझी बायको सगळी कामं उजव्या हातानं करायची म्हणून हंडा कायम डाव्या कमरेवर. पन्नास वर्षं मी तिला ज्या बाजूनं ओळखलं ती बाजूच गेली.

मी म्हणालो, “पहिल्यासारखी कर. असली बाई माझ्या घरात आली तर माझं कुत्रं भुंकंल.”

तो हसला. त्यानं परत होतं तसं केलं, आणि मग डावीकडची माती कापायला निघाला. ती मधोमध यावी म्हणून.

“ती जागा राहू दे,” मी म्हणालो.

“उसमें कुछ नहीं है मामू. खाली जमीन है.”

“त्याच्या पलीकडं मी हाय.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, माऊसवरचा हात काढला. मग माझ्यासाठी चहा सांगितला. त्याची आई दोन वर्षांखाली गेली होती, तिचा फोटो त्यालाही अजून पसंत पडेल असा करता आला नाही, असं त्यानं चहा पिता पिता सांगितलं. रोज दहा जणांचे करतो, म्हणाला. मग त्यानंच माझ्या मोबाइलात एक फुकटचं अ‍ॅप घालून दिलं. घाई नको करू मामू, म्हणाला, घरी बसून भोवती काय काय लावून बघ, पसंत पडलं की छापून देतो.

त्या दुपारी मला अजून स्वप्नासारख्या वाटतात.

पोरगा ड्युटीवर, सून शिवणाला, नातवंडं शाळेत. पत्रा तापून कडकड वाजायचा. मी खाटेवर बसायचो आणि बायकोला घेऊन फिरायला निघायचो. वाचता थोडं येतं, पण अ‍ॅपातलं इंग्रजी येत नाही, चित्रं बघून चालवायचो. ज्या नक्षीवर कुलपाचं चित्र ती पैशाची, बिनकुलपाची फुकट. मधेच जाहिरात यायची, तिला हात लावायचा नाही एवढं फोटोवाल्यानं बजावलं होतं. जाहिरात जाईपर्यंत मी डोळे मिटून बसायचो. उघडले की ती परत तिथंच, टँकरपुढं.

शिंपल्यांची किनार लावली. तिनं समुद्र कधी बघितला नाही. वाटायचं, टँकर आताच समुद्रातून पाणी भरून आलाय आणि ही हंडा घेऊन नंबर लागायची वाट बघते. बर्फाची लावली. भोवती बर्फ आणि मधे आमच्या वस्तीची भेगाळलेली माती. मला हसू यायचं. तिला गार लागत असेल असंही वाटायचं. हिरव्या पानांची लावली आणि ती मात्र लई वेळ ठेवली. त्या साली एवढं हिरवं कुठं बघायलाही मिळालं नव्हतं. आमची मेंढरं त्या पानांसाठी मोबाइल फोडून आत शिरली असती.

बघता बघता डोळा लागायचा. मग मोबाइल छातीवर आणि फोटो डोळ्यात. डावीकडच्या काठातून एक मेंढरू यायचं. फक्कीची रेघ हुंगल्यासारखं त्या काठाला थांबायचं, मग पाय आत टाकायचं. त्याच्यामागं दुसरं. तिसरं. तिच्या हंड्याला तोंड लावायचं. ती हाकलायची नाही. मी मोजायला लागायचो आणि मोजता मोजता पत्रा वाजायचा, जाग यायची. मेंढरं नाहीत. माती. ती बघते.

कितीही नक्षी बदला, ती बघायची तिकडंच. गुलाबाच्या बाहेर, शिंपल्याच्या बाहेर. एक दिवस मला फार राग आला. तिचा नाही, माझाच. म्हटलं, म्हाताऱ्या, तुला नक्षी नकोच आहे. तुला एवढंच पाहिजे, की ती त्या दिवशी तुझ्याकडं बघून थुंकली का हसली. आणि ते या मोबाइलात लिहिलेलं नाही.

ते एकाच माणसाला माहीत होतं. जिनं फोटो काढला त्या शेजारणीला. ती भिंतीला भिंत लावून राहते. माझ्या बायकोला ती अक्का म्हणायची आणि मला दाजी. तरी वर्षभर मी तिला विचारलं नव्हतं. भीती वाटायची, हे कबूल करतो. ती वाईट सांगेल याची. आणि आता सांगून काय उपयोग म्हणून खोटं गोड सांगेल, याची त्याहून जास्त.

ती ताक घेऊन आली होती. मी मोबाइल तिच्यापुढं धरला आणि सरळ विचारलं, ही इथं कुणाकडं बघती.

तिनं पदराच्या टोकानं काच पुसली, मोबाइल लांब धरून बघितलं. मग तिच्या तोंडावर जे हसू आलं ते कुणाला बरं वाटावं म्हणून आणलेलं नव्हतं.

“तुमच्याकडंच की. तुम्ही ते खाकी घालून असे पाय फाकवत येत होते. अक्का म्हणली, बघ गं, मेंढरं राखणारा आता भिताडं राखाय लागला.”

असलं ती माझ्या तोंडावरही बोलली असती. तिचंच बोलणं होतं ते, दुसऱ्या कुणाला सुचणार नाही.

“आणि?” मी म्हणालो.

“आणि काय. माझ्या नंबरात घुसली. म्हणली, मला आधी भरू दे, चुलीवर काही नाय, ह्यो उपाशी आलाय. मी म्हणलं, अक्का, बोलत तर नायस त्याच्याशी. तर म्हणली, बोलत नाय म्हणून काय उपाशी मारू का.”

ती ताकाचा तांब्या ठेवून गेली. जाताना म्हणाली, दाजी, ताक तसंच ठेवू नका, आंबंल. मी ते संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी फोटोवाल्याकडून पुरा फोटो छापून आणला. नक्षी नाही, कापाकापी नाही, डावीकडच्या मातीसकट. घरी आल्यावर ट्रंकेतून घोंगडी काढली. डांबराच्या गोळ्यांचा वास आणि त्याच्या खाली अजून मेंढराचा वास. अंगणात पसरली. वर फोटो ठेवला. भोवती काळी लोकर आली, तिच्या बोटांतून गेलेली. फोटो मी घोंगडीच्या एका कोपऱ्याला धरून ठेवला होता, म्हणजे काठाची पांढरी पट्टी दोन बाजूंनी दिसावी. मग मोबाइलनं वरून त्याचाच फोटो काढला. एवढंच. ना अ‍ॅप, ना कुलूप, ना जाहिरात. ज्याला हौस आहे आणि पैसा नाही त्यानं हे करून बघावं. घरातलं लुगडं, सूप, ज्वारीचं पसरलेलं दाणं, काहीही खाली चालतं. वरून सरळ धरायचं आणि हात हलवायचा नाही.

माझा हात हलला. पहिले चार फोटो वाया गेले. पाचवा नीट आला, पण मी डाव्या अंगानं वाकलो होतो आणि ऊन पाठीवर होतं. माझी सावली पडली. पटक्याची गोल आणि एक खांदा. ती लोकरीवरून सरकत फोटोत आली होती आणि रिकाम्या मातीवर पडली होती. बायकोपर्यंत पोचली नव्हती.

फोटोवाल्यानं तो मोठा करून कॉम्प्युटरवर लावला आणि लई वेळ बघितला. लोकरीचा केस न् केस दिसत होता. “ये कौनसी फ्रेम है मामू,” म्हणाला, “मेरे पास नहीं है ये.” मग सवयीनं म्हणाला, साया पडलाय, दोन मिनिटांत साफ करून देतो.

“साफ करू नको,” मी म्हणालो.

त्यानं तसाच छापला. आणि मी निघालो तेव्हा मागून म्हणाला, की त्याच्या आईची नमाजाची चटई अजून घरात आहे.

श्राद्धाच्या दिवशी पाव्हणे आले. पोरानं फोटो भिंतीला लावला तेव्हा जरा वेळ उभा राहिला. आबा, तुमची सावली आलीय, म्हणाला. मी म्हणालो, व्हय. त्यानं घोंगडीवर बोट टेकवून बघितलं, कागदावरच्या, खरी असल्यासारखं. तिच्या भावानं विचारलं, ही फ्रेम कुठं मिळते, संभाजीनगरात का. मी म्हणालो, तुझ्या बहिणीनं दिली.

मग सुनेनं झेंडूचा हार आणला आणि रीतीप्रमाणं मधोमध घातला. हार जाड होता. त्याची डावी बाजू नेमकी त्या मातीवर आली आणि तिचं बघणं झेंडूत अडकलं. सगळे हात जोडून उभे होते. मी खुर्ची ओढली, तिच्यावर चढलो. पोरगा म्हणाला, आबा, पडाल. मी हार उजवीकडं सरकवला, हंड्याच्या बाजूला, आणि उतरून माझ्या जागेवर येऊन उभा राहिलो.